राहुल भेके : बचावफळीतला मुंबईकर

१७ मार्च २०१९ ची रात्र. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जादा वेळेत गेला होता. बेंगळुरू आणि गोवा या दोन्ही संघांना नव्वद मिनिटांत एकही गोल करता आला नव्हता. जादा वेळेच्या पूर्वार्धाच्या अखेरीस गोव्याचा अहमद जाहूह दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर गेला आणि गोव्याचे दहाच खेळाडू मैदानावर उरले. सामना पेनल्टींवर जाणार असे वाटत असतानाच ११७ व्या मिनिटाला बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. दिमास देल्गादोने चेंडू गोलसमोर टाकला आणि गर्दीतून उसळी घेऊन एका खेळाडूने तो डोक्याने जाळ्यात धाडला. बेंगळुरू प्रथमच सुपर लीगचा विजेता ठरला. गोल करणारा खेळाडू आघाडीचा नव्हता. तो होता बचावपटू राहुल भेके, याच मुंबईचा मुलगा.

योगायोग असा की बरोबर एक वर्षापूर्वी, १७ मार्च २०१८ रोजी, बेंगळुरू संघ आपल्याच मैदानावर अंतिम सामना चेन्नईयनकडून ३-२ असा हरला होता. त्या सामन्यात चेन्नईयनचा बचावपटू मेलसन आल्व्हेस याने कॉर्नरवर डोक्याने दोन गोल केले होते. बचावपटूंच्या डोक्याने हिरावलेले विजेतेपद बेंगळुरूला एका बचावपटूच्याच डोक्याने परत मिळाले.

मराठी वाचकाला क्रिकेटपटूंची कारकीर्द तोंडपाठ असते. फुटबॉलमधील बचावपटूची कारकीर्द मात्र क्वचितच कोणी उलगडून सांगतो. भेकेच्या कारकिर्दीतून ती समजून घेता येते आणि भारतातील व्यावसायिक फुटबॉल किती भक्कम पायावर उभा आहे, हेही कळते.

बचावपटू म्हणजे कोण?

फुटबॉलचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला. तो ०-० असा बरोबरीत सुटला. इंग्लंडने त्या दिवशी आघाडीवर आठ खेळाडू उभे केले होते. स्कॉटलंडने सहा खेळाडू पुढे, दोन मध्ये आणि दोन मागे ठेवले. चेंडू पायात घेऊन एकट्यानेच धावत सुटावे, ही त्या काळची इंग्लिश रीत. स्कॉटिश खेळाडूंनी चेंडू एकमेकांकडे देत पुढे सरकण्याचा खेळ रुजवला. चेंडू मागूनही पुढे द्यायचा असतो असे ठरल्यावर मागे उभ्या असलेल्या खेळाडूचे मोल वाढले.

त्यानंतरच्या दशकात स्कॉटलंडनेच एक थोर बचावपटू दिला. ब्रिटिश गयानात जन्मलेला अँड्र्यू वॉटसन हा फुटबॉलमधील पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय खेळाडू मानला जातो. १८८१ मध्ये लंडन येथे त्याच्या नेतृत्वाखाली स्कॉटलंडने इंग्लंडला ६-१ असे नमवले. भारतातही हा खेळ रुजवण्यात स्कॉटिश पलटणींचा वाटा होता. १८८८ मध्ये सिमला येथे ड्युरँड चषक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिला विजेता रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्स हा लष्करी संघ होता. तीनच वर्षांनी, १८९१ मध्ये, मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला.

पुढे नियम बदलले आणि बचावपटूचे कामही बदलले. १९२५ पूर्वी पुढे असलेल्या खेळाडूसमोर, ऑफसाइड होऊ नये म्हणून, प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत. १९२५ मध्ये ही संख्या दोनवर आणण्यात आली. आघाडीच्या खेळाडूंना मोकळीक मिळाली, गोल वाढले आणि संघांनी मधल्या फळीतील एका खेळाडूला मागे ओढून बचावात तिसरा माणूस उभा केला. १९९२ मध्ये आणखी एक बदल झाला. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेणे निषिद्ध ठरले. तोपर्यंत अडचणीत सापडलेला बचावपटू चेंडू मागे ढकलून मोकळा होई. आता दबावाखालीही चेंडू पायाने सांभाळण्याचे कसब त्याला आत्मसात करावे लागले.

आजच्या चार जणांच्या बचावफळीत दोन खेळाडू मध्यभागी आणि दोन कडेला असतात. मधल्या बचावपटूने उंच चेंडू परतवायचे, प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य आघाडीपटूला जखडून ठेवायचे आणि संपूर्ण फळी एका रेषेत ठेवायची. कडेच्या बचावपटूने प्रतिस्पर्ध्याच्या वेगवान खेळाडूला रोखायचे आणि संधी मिळताच स्वतः कडेने पुढे धावायचे. पहिल्या कामाला उंची आणि अंदाज लागतो, दुसऱ्याला वेग आणि दमसास. उजव्या कडेला आणि मध्यभागी अशा दोन्ही जागी खेळू शकणारे खेळाडू थोडेच असतात. भेके त्यांपैकी एक आहे. त्याच्या दीर्घ कारकिर्दीमागे हे मोठे कारण आहे.

क्लब आले, क्लब गेले

६ डिसेंबर १९९० रोजी मुंबईत जन्मलेल्या भेकेने व्यावसायिक फुटबॉलची सुरुवात एअर इंडियाच्या संघातून केली. त्या काळी मुंबईतील फुटबॉल मोठ्या प्रमाणात कंपन्यांच्या आणि सार्वजनिक आस्थापनांच्या संघांवर उभा होता. खेळाडूला नोकरी मिळे, पगार मिळे आणि खेळ संपल्यावर पोटापाण्याची सोयही असे. मात्र तो काळ सरत चालला होता. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा मुंबईचा नामवंत संघ २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडियाचा संघ क्लब परवान्याच्या निकषांवर न उतरल्याने २०१३ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला.

भेके तेथून मुंबई एफसीकडे गेला. या क्लबची सूत्रे अनेक वर्षे प्रशिक्षक खालिद जमील यांच्याकडे होती. मोठा पैसा नसलेला हा संघ भक्कम बचावाच्या जोरावर तग धरत असे. २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये मुंबई एफसी तळाला गेला आणि पुढे तोही बंद झाला. मात्र त्याआधीच, २०१४ मध्ये, भेके कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये दाखल झाला होता. लाखो पाठीराखे असलेल्या त्या क्लबमध्ये बचावपटूची एक चूक दुसऱ्या दिवशी सगळ्या शहराच्या तोंडी असते.

याच वेळी भारतीय फुटबॉलची घडी बदलत होती. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. आरंभी ती वर्षअखेरीच्या काही महिन्यांपुरतीच असे आणि त्यानंतर आय-लीगचा हंगाम खेळला जाई. त्यामुळे आय-लीगमधील खेळाडू काही महिन्यांसाठी सुपर लीगच्या संघांना उसने दिले जात. भेके अशा रीतीने २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून आणि २०१६ मध्ये पुणे सिटीकडून खेळला. खेळाडूच्या दृष्टीने याचा अर्थ एकाच वर्षात दोन शहरे, दोन प्रशिक्षक आणि दोन निराळ्या पद्धती. बचावफळीत तर शेजारच्या खेळाडूची सवय होणे हेच अर्धे काम असते. ती सवय जडते न जडते तोच गाव बदलावे लागे. पुणे सिटी हा क्लबही २०१९ मध्ये इतिहासजमा झाला. एका खेळाडूच्या कारकिर्दीच्या पहिल्या टप्प्यातील एअर इंडिया, मुंबई एफसी आणि पुणे सिटी हे महाराष्ट्रातील तिन्ही संघ आज व्यावसायिक लीगमध्ये दिसत नाहीत.

कॉर्नरचा मानकरी

२०१७ मध्ये बेंगळुरू एफसी आय-लीग सोडून सुपर लीगमध्ये आला आणि भेके त्या संघात गेला. तेथे त्याला चार वर्षांचे स्थैर्य मिळाले. एप्रिल २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे झालेल्या सुपर कपच्या अंतिम सामन्यात बेंगळुरूची गाठ ईस्ट बंगालशी, म्हणजे भेकेच्या जुन्या क्लबशी पडली. ईस्ट बंगालने आधी आघाडी घेतली होती. ती भेकेने गोल करून मोडली आणि बेंगळुरूने पुढे ४-१ असा विजय मिळवला. त्यानंतर अंधेरीच्या त्या हेडरने त्याचे नाव देशभर झाले.

बचावपटू गोल कसे करतात, असा प्रश्न नवख्या प्रेक्षकाला पडतो. कॉर्नर किंवा फ्री किक मिळाली की खेळ क्षणभर थांबतो आणि संघाला आपले खेळाडू हवे तेथे उभे करता येतात. उंच उडी घेणारे आणि हवेतल्या चेंडूचा अचूक अंदाज असणारे खेळाडू बहुधा बचावफळीतच असतात, कारण असे चेंडू परतवणे हे त्यांचे रोजचे काम. म्हणून अशा वेळी तेच पुढे पाठवले जातात. कोणी पहिल्या खांबाकडे धाव घेऊन प्रतिस्पर्ध्याला आपल्यामागे ओढतो, कोणी गोलरक्षकाची वाट अडवतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत तिसरा झेप घेतो. या सगळ्यात जोखीमही मोठी. कॉर्नर वाया गेला आणि प्रतिस्पर्ध्याने चेंडू वेगाने पुढे नेला, तर मागे रखवालीला फारसे कोणी उरलेले नसते. म्हणून गोल करायला गेलेल्या बचावपटूला पुढच्याच क्षणी साठ-सत्तर मीटर मागे धावण्याची तयारी ठेवावी लागते.

२०२१ मध्ये भेके मुंबई सिटीकडे, आपल्या गावी परतला. पुढच्याच वर्षी त्याच्या डोक्याने आणखी एक इतिहास घडवला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीचा सामना इराकच्या अल कुवा अल जाविया या संघाशी होता. एका गोलने मागे पडलेल्या मुंबईला दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधून दिली आणि ७५ व्या मिनिटाला भेकेने हेडरवर विजयी गोल केला. आशियातील सर्वोच्च क्लब स्पर्धेत भारतीय क्लबने मिळवलेला हा पहिला विजय होता. ही वाट पुढे सोपी झाली असे मात्र नाही. २०२३-२४ च्या मोसमात याच स्पर्धेत मुंबई सिटीला गटातील सहाही सामन्यांत पराभव पत्करावा लागला.

चुकीची किंमत

आघाडीच्या खेळाडूने पाच संधी दवडल्या आणि सहाव्या संधीवर गोल केला, तर तो नायक ठरतो. बचावपटूने ऐंशी मिनिटे निर्दोष खेळून एकदाच चूक केली, तर तीच चूक लक्षात राहते. भेकेच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत या दोन्ही बाजू दिसतात.

भारतीय संघातून त्याने ५ जून २०१९ रोजी थायलंडमधील किंग्ज कपमध्ये कुरासावविरुद्ध पदार्पण केले, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. तीन महिन्यांनी, १० सप्टेंबर रोजी, विश्वचषक पात्रता फेरीत भारताने दोहा येथे आशियाई विजेत्या कतारला ०-० असे रोखले. कर्णधार सुनील छेत्री आजारपणामुळे खेळू शकला नव्हता. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने एकामागून एक फटके अडवले आणि संदेश झिंगन, आदिल खान, मंदार राव देसाई व भेके यांच्या बचावफळीने अखेरपर्यंत दम सोडला नाही. भारतीय फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासातील हा सर्वांत अभिमानास्पद निकालांपैकी एक मानला जातो.

त्याच दोहा शहरात त्याच कतारविरुद्ध ३ जून २०२१ रोजी परतीचा सामना झाला. अवघ्या १७ व्या मिनिटाला भेकेला दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि तो मैदानाबाहेर गेला. उरलेला जवळजवळ सव्वा तास भारत दहा खेळाडूंनिशी लढला आणि ०-१ असा हरला. एकाच मैदानी वैऱ्याने त्याला एकदा मान दिला आणि एकदा मान खाली घालायला लावली.

असा प्रसंग अनेकांची कारकीर्द संपवतो. भेकेची संपली नाही. जानेवारी २०२४ मध्ये कतारमध्ये झालेल्या आशियाई चषक स्पर्धेत तो झिंगनच्या जोडीने बचावफळीच्या मध्यभागी उभा होता. भारताने तिन्ही सामने गमावले, परंतु पस्तिशीकडे झुकलेल्या भेकेला पर्याय सापडला नव्हता. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबाद येथे मलेशियाविरुद्ध भारत पिछाडीवर असताना ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर त्याने हेडरने बरोबरी साधली. १९ मार्च २०२५ रोजी शिलाँग येथे मालदीवविरुद्ध पहिला गोल त्याचाच होता. भारताने तो सामना ३-० असा जिंकला. नोव्हेंबर २०२३ नंतर, म्हणजे ४८९ दिवसांनी, भारताला मिळालेला तो पहिला विजय होता.

कर्णधाराचे तीन आठवडे

क्लब पातळीवर भेकेच्या कारकिर्दीचा कळस २०२३-२४ च्या मोसमात गाठला गेला. त्यापूर्वीच्या मोसमात मुंबई सिटीने साखळीत अव्वल राहून लीग शिल्ड पटकावली होती. या मोसमात तो संघाचा कर्णधार होता. साखळीचा शेवटचा सामना १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानशी झाला. मुंबई तो १-२ असा हरली आणि शिल्ड हातची गेली. जेमतेम तीन आठवड्यांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर त्याच संघाशी अंतिम सामना ठरला. मध्यंतराच्या उंबरठ्यावर मोहन बागानने आघाडी घेतली. उत्तरार्धात जॉर्ज परेरा दियाझ, बिपिन सिंग आणि याकुब व्होइतुश यांनी गोल करून मुंबईला ३-१ असा विजय मिळवून दिला. विजेतेपदाचा चषक उंचावणारा कर्णधार अस्सल मुंबईकर होता.

त्यानंतर भेके पुन्हा बेंगळुरूला गेला. १२ एप्रिल २०२५ रोजी सॉल्ट लेकवर आणखी एक अंतिम सामना झाला. या वेळी बेंगळुरूला मोहन बागानकडून जादा वेळेत १-२ अशी हार पत्करावी लागली.

राइट टाउनपासून ग्लासगोपर्यंत

भेकेला पुढे जायला जिद्दीइतकाच त्याच्या शहराचाही उपयोग झाला. मुंबईत जिल्हा लीग होती, आस्थापनांचे संघ होते, आय-लीगचे क्लब होते. एक दार मिटले तर दुसरे ठोठावता येत होते. जबलपूरच्या राइट टाउनमध्ये पंडित रविशंकर शुक्ल स्टेडियम आहे आणि त्या शहरात मराठी कुटुंबांच्या पिढ्या नांदल्या आहेत. पण सुपर लीगमध्ये मध्य प्रदेशचा एकही क्लब आजवर खेळलेला नाही. तेथे वाढणाऱ्या मुलाला बचावपटू व्हायचे असेल, तर त्याला आधी गाव सोडावे लागते. नागपूर, कोल्हापूर, सोलापूरच्या मुलांचीही फारशी निराळी स्थिती नाही. कोल्हापुरात तर शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने पाहायला हजारो लोक येतात, परंतु तेथून व्यावसायिक लीगकडे जाणारा सरळ जिना नाही.

हा जिना म्हणजे काय, ते स्कॉटलंडकडे पाहिले की समजते. स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, म्हणजे मुंबई शहराच्या निम्म्याहूनही कमी. तेथे चार श्रेणींमध्ये ४२ क्लब खेळतात आणि त्यांच्याखाली आणखी स्थानिक लीग आहेत. चांगला खेळणारा क्लब वर चढतो, वाईट खेळणारा खाली उतरतो. अँडी रॉबर्टसन या बचावपटूला सेल्टिकने कुमारवयातच नाकारले होते. तो चौथ्या श्रेणीतील क्वीन्स पार्क या हौशी क्लबकडून खेळू लागला. २०१३ मध्ये डंडी युनायटेड, २०१४ मध्ये हल सिटी आणि २०१७ मध्ये लिव्हरपूल अशा पायऱ्या चढत त्याने २०१९ मध्ये युरोपातील चॅम्पियन्स लीग जिंकली आणि तो स्कॉटलंडचा कर्णधारही झाला. नाकारल्या गेलेल्या मुलासाठी खालची पायरी शिल्लक होती, म्हणून तो वर पोहोचला.

१८ नोव्हेंबर २०२५ या एकाच दिवशी दोन निकाल लागले. रॉबर्टसनच्या स्कॉटलंडने ग्लासगो येथे डेन्मार्कला ४-२ असे हरवून १९९८ नंतर प्रथमच विश्वचषकात प्रवेश मिळवला. त्याच दिवशी ढाक्यात भारत बांगलादेशकडून ०-१ असा हरला. २०२७ च्या आशियाई चषकाचे दार भारतासाठी त्याआधीच बंद झाले होते.

दोन हंगामांमधला माणूस

भारतात पायऱ्या कमी आहेतच, शिवाय असलेल्या पायऱ्याही डळमळतात. ११ जुलै २०२५ रोजी सुपर लीगच्या आयोजकांनी महासंघाशी असलेल्या कराराचे भवितव्य अनिश्चित असल्याचे सांगून नवा हंगाम स्थगित ठेवल्याचे कळवले. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे जाहीर केले. देशातील अव्वल क्लबच्या खेळाडूंपुढेही उद्या काय, हा प्रश्न उभा राहिला. लीग पुन्हा सुरू होण्याची घोषणा व्हायला जानेवारी २०२६ उजाडले.

त्या अनिश्चिततेतच ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाची धुरा खालिद जमील यांच्याकडे आली. मुंबई एफसीच्या दिवसांतील प्रशिक्षक आणि खेळाडू राष्ट्रीय संघात पुन्हा एकत्र आले. मध्य आशियातील काफा नेशन्स कप स्पर्धेत ८ सप्टेंबर रोजी तिसऱ्या क्रमांकासाठी भारताची लढत ओमानशी झाली. १-१ अशा बरोबरीनंतर सामना पेनल्टींवर गेला. भारताने तो ३-२ असा जिंकला. भारताच्या तीन यशस्वी पेनल्टींपैकी एक भेकेची होती. लीग ठप्प होती, क्लबमध्ये वेतनाचा प्रश्न होता, वय पस्तिशीला टेकले होते आणि समोर केवळ गोलरक्षक होता.

बचावपटूची कारकीर्द गोलांच्या तक्त्यावरून मोजता येत नाही. जे गोल झालेच नाहीत त्यांची नोंद कोठेच होत नसते. भेकेच्या खात्यावर मोठ्या सामन्यांतील काही अविस्मरणीय हेडर आहेत आणि एक लाल कार्डही आहे. परंतु त्याहून मोठी नोंद ही की तीन क्लब मागे मिटत गेले, तरी तो पुढच्या मैदानावर उभा राहिला. त्याच्यामागून येणाऱ्या मुलांना एवढी धडपड करावी लागू नये, याची काळजी मात्र एकटा बचावपटू घेऊ शकत नाही. ते काम क्लबांचे, महासंघाचे आणि गावोगावच्या लीगचे आहे.